आर्लन सोर्बीचं न चालणारं मशीन

"दोन शनिवार. फार तर तीन," आर्लन सोर्बीने फोनवर लेकीला ठणकावून सांगितलं. "चाळीस वर्षं शाळेच्या बसची इंजिनं उघडून परत बसवली आहेत मी. कॉम्प्युटर जोडायचा म्हणजे असं काय मोठं? एक पत्र्याचा डबा, आठ स्क्रू आणि मूठभर वायरी."

"बाबा, मी तयार मशीन ऑर्डर करते ना. गुरुवारी दारात येईल."

"गुरुवारी मला वेळ नाही," आर्लन म्हणाला.

हे धडधडीत खोटं होतं. गुरुवारी त्याला वेळ होता. बुधवारी होता, शुक्रवारीही होता, आणि पुढचा सबंध हिवाळा तर नुसता आ वासून बसला होता. मार्लिसला जाऊन दोन वर्षं झाली होती. लेक ब्रिटा ॲरिझोनात, म्हणजे मिनेसोटातल्या फर्गस फॉल्सहून जितकं लांब जाता येईल तितक्या लांब. ती दर रविवारी फोन करायची आणि अकरा मिनिटं बोलायची. अकरा हा आकडा आर्लनने लावलेला नाही, फोनच दाखवायचा. बाकीच्या आठवड्यात त्याचं बोलणं व्हायचं ते तळघरातल्या, घर गरम ठेवणाऱ्या भट्टीशी, आणि तेही ती बिघडली तरच.

जुन्या कॉम्प्युटरची गत अशी होती की सकाळी तो चालू करायचा, कॉफी करायची, प्यायची, कप धुऊन पुसून कपाटात ठेवायचा, आणि मग मशीन पासवर्ड विचारायचं. तेव्हा नवीन हवाच होता, ह्यात वाद नव्हता. वाद होता तो प्रोसेसर कोणता घ्यावा ह्याचा. म्हणून आर्लनने शोधून शोधून एक फोरम गाठला. आपापली मशीनं स्वतःच्या हाताने जोडणारी माणसं तिथे जमत. प्रत्येकाचा एक धागा. त्यात तो आपल्या मशीनचं रडगाणं लिहिणार आणि बाकीचे त्याला अक्कल शिकवणार.

आर्लनने एका सोमवारी सकाळी धागा काढला. 'मेल बघतो, हवामान बघतो, कधीमधी पत्ते खेळतो. प्रोसेसर कोणता घ्यावा?'

चार मिनिटांत उत्तर आलं. 'जुना पंखा' नावाच्या कुणा आयडीचं होतं.

'ह्या कामाला चार वर्षांपूर्वीचा कुठलाही स्वस्तातला घ्या. रॅम तेवढी दुप्पट करा. बाकी कशाला हात लावू नका. विषय संपला.'

सल्ला सोळा आणे बरोबर होता. आर्लनने तो तीनदा वाचला. चार मिनिटांत! त्या घरात त्याने काही विचारलं आणि चार मिनिटांत कुणी उत्तर दिलं, असं दोन वर्षांत झालं नव्हतं. फक्त ते शेवटचे दोन शब्द त्याला खटकले. असा कसा संपला विषय? आत्ता कुठे तोंड उघडलं होतं.

मंगळवारभर त्याने कळ काढली. बुधवारी सकाळी लापशी ढवळता ढवळता एका हाताने लिहिलं, 'आणि समजा, चित्रपटाचं एडिटिंग करायचं असेल तर?'

दुपारच्या जेवणापर्यंत एक्केचाळीस प्रतिसाद आले.

एडिटिंग म्हटल्यावर आठ कोअरचा प्रोसेसर हवा, असं एकाने सांगितलं. दुसऱ्याने त्याला वेड्यात काढून बाराचा सांगितला. मग जुना पंखा उतरला आणि त्याने सगळ्यांनाच झापलं. 'नुसता प्रोसेसर पैलवान आणून काय उपयोग? ग्राफिक्स कार्ड मागे राहील. कार्ड मोठं आणलंत की पॉवर सप्लाय धापा टाकणार. पॉवर वाढवली की मशीन तापणार, तापलं की पंखे आले, पंखे आले की ते मावायला मोठं कॅबिनेट आलं. मेळ बघा, मेळ. घरात एकालाच तूप वाढून चालत नाही.'

आर्लनला हे फटकन कळलं. शाळेने एकदा चौदा नंबरच्या म्हाताऱ्या बसला नवंकोरं इंजिन बसवायला लावलं होतं. इंजिन झकास चाललं. आठव्या दिवशी गिअरबॉक्स रस्त्यावर पडला, पंधराव्या दिवशी मागचा आस गेला, आणि शेवटी जुनी म्हणावी अशी त्या बसमध्ये एक ड्रायव्हर काय ती उरली. ही हकिगत त्याने धाग्यावर लिहिली. तिला पसंतीचे सव्वीस लाल बदाम मिळाले. चाळीस वर्षांच्या नोकरीत शाळेने त्याला एकही बदाम दिला नव्हता.

झालं. गडी तिथेच अडकला.

आता सकाळी सहाला उठून आर्लन आधी धागा बघायचा, मग खिडकीबाहेर बर्फ. आठ की बारा हा वाद त्याने तीन आठवडे पुरवला. एकमत व्हायला लागलं की तो हळूच नवी गरज काढायचा. कधी घराचा नकाशा, कधी विमान उडवण्याचा खेळ. चित्रपट कशावर आहे, असं कुणीतरी विचारलं तेव्हा घाईघाईत त्याने लिहून दिलं, 'तळ्यावरच्या बदकांवर.' तेव्हापासून लोक बदकांची खुशाली विचारू लागले. नोव्हेंबर लागला तसं एकाने शंका काढली की तळं गोठलं असेल, बदकं अजून तिथेच कशी? आर्लनने उत्तर दिलं, 'हट्टी आहेत.'

ह्या सगळ्यांत एक आयडी होता 'शांतडोकं'. वर्ना क्वाम असं तिने नाव सांगितलं होतं. साठ मैलांवरच्या मूरहेडची, टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेली. थोडं लिहायची, पण मुद्द्याचं. एकदा आर्लन सकाळभर धाग्यावर फिरकला नाही, तर तिने लिहिलं, 'आर्लनराव, आज दिसला नाहीत. बरे आहात ना?' तो दाताच्या डॉक्टरकडे गेला होता. घरी आल्यावर अर्धं तोंड बधिर असताना त्याने ते वाक्य वाचलं, आणि मग कोट काढायचं विसरून बराच वेळ खुर्चीत बसून राहिला.

शेवटी बाराचा प्रोसेसर ठरला, आणि त्याच्या मेळाने बाकीचं सामान. इतकं की टेबलावर मांडल्यावर ताट ठेवायला जागा उरली नाही. एका गुरुवारी आर्लनने चष्मा चढवला, बाह्या सारल्या आणि जोडणीला बसला. हात बसवाल्याचे होते. प्रत्येक स्क्रू जागच्या जागी गेला, प्रत्येक वायर आपापल्या घरात शिरली. दुपारी दोन वाजता त्याने बटण दाबलं.

पहिल्या झटक्यात मशीन चालू झालं. कुरकुर नाही, खरखर नाही. आर्लनने फोटो काढायला घेतलेला फोन परत खाली ठेवला.

कारण त्या फोरमची एक रीत होती. मशीन चालू झालं की मालकाने उजळलेल्या पडद्याचा फोटो टाकायचा. सगळ्यांनी अभिनंदन म्हणायचं. मग फोरम सांभाळणारे, ज्यांना सगळे मास्तर म्हणत, ते येऊन धाग्यावर 'चालू' असा हिरवा शिक्का मारत आणि त्याला कुलूप लावत. पुढे त्यात कुणालाही अक्षर लिहिता यायचं नाही. ऑरेगनच्या एका बाईचं असं झालेलं आर्लनने पाहिलं होतं. चार महिने तिच्या धाग्यावर जत्रा भरलेली. मशीन चालू झालं, सोळा अभिनंदनं आली, कुलूप लागलं, आणि त्यानंतर कुणी तिचं नावही काढलं नाही.

आर्लन हात मांडीवर ठेवून त्या उजळलेल्या पडद्यासमोर बसला. मशीन त्याच्याकडे बघत होतं, तो मशीनकडे. फोरमवर नवीन मशीनवाल्यांनी करायच्या अकरा गोष्टींची यादी होती. वेळ जावा म्हणून त्या अकराही त्याने एकेक करून उरकल्या. बारावी गोष्ट फोटो टाकणं.

त्याने लिहिलं, 'मंडळी, सुरू होत नाही.'

आणि हे लिहिलं नव्या मशीनवरूनच. जुनं उघडेपर्यंत धीर कुणाला होता?

त्यानंतरचे सतरा दिवस आर्लनच्या आयुष्यातले अत्यंत कष्टाचे होते. न चालणारं मशीन दुरुस्त करणं सोपं. चालणारं मशीन न चालतं ठेवणं हे खायचं काम नाही. लोक सांगत, रॅमची एक पट्टी काढून बघा, तर तो पंधरा मिनिटं थांबून लिहायचा, 'काढली. फरक नाही.' दुसरी काढा. 'तीही काढली.' पंखा फिरतो का? फिरतो. दिवा कुठल्या रंगाचा लागतो? इथे तो गडबडला. सोमवारी नारिंगी म्हणाला होता की पांढरा? शेवटी त्याने एक वहीच घातली. 'मंगळवार : दिवा नारिंगी, पडदा काळा. बुधवार : दोनदा टुक असा आवाज. गुरुवार : आवाज बंद, दिव्याला वाईट वाटतंय.' हे शेवटचं त्याने लिहून खोडलं.

जुन्या पंख्याचा ठाम संशय पॉवर सप्लायवर होता. त्याने पत्ता मागितला. आठ दिवसांनी थेट हॅलिफॅक्सहून जाडजूड खोकं आलं. आत त्याचा जुना, पण पुसून लख्ख केलेला पॉवर सप्लाय, मेपलच्या पाकाची बाटली, आणि चिठ्ठी : 'परत पाठवू नका.' आर्लनला त्या दिवशी जेवण गेलं नाही. दुसऱ्या दिवशी त्याने त्या पाकाशी चार पॅनकेक खाल्ले आणि त्याला आणखीच अपराधी वाटलं.

सोळाव्या दिवशी, शुक्रवारी, शांतडोकं धाग्यावर आली. 'उद्या रस्ते मोकळे आहेत. अकरा वाजता येते. घरचा पत्ता पंख्याकडून घेतला.'

आर्लनच्या तोंडचं पाणी पळालं. नको म्हणावं तर कारण काय द्यायचं? आणि खरं सांगायचं तर नको म्हणायचं त्याच्या अगदी जिवावर आलं होतं. दोन वर्षांत त्या घरात पाहुणा म्हणून कुणी आलं नव्हतं. भट्टीवाला आला होता, पण तो तळघराच्या दारानेच येऊन गेला.

त्याने रात्रीच ओव्हनमध्ये भाजतात तो बटाट्याच्या गोळ्यांचा हॉटडिश करून ठेवला. सकाळी साडेनऊला मशीन बिघडवायला बसला.

आता बिघाड कोणता करावा? एखादी वायर सैल करावी, तर ती बाई तीस सेकंदांत पकडणार. साठ मैल गाडी हाकत येणाऱ्या माणसाला तीस सेकंदांचा बिघाड दाखवणं त्याला बरं वाटेना. काहीतरी भारदस्त हवं होतं. त्याने ठरवलं, प्रोसेसरच जागेवरून किंचित हलवून ठेवावा. त्यासाठी वरचा पंखा काढायला हवा. आर्लनने चार स्क्रू सोडले आणि पंखा सरळ वर ओढला.

पंख्याच्या आणि प्रोसेसरच्या मध्ये उष्णतेसाठी पेस्ट लावलेली असते. ती वाळून घट्ट झालेली. पंखा वर आला तो प्रोसेसरला मुळासकट उपटून घेऊनच. क्षणभर तो तसाच लोंबकळला, मग सुटला आणि खाली निघाला.

निसटलेली वस्तू जमिनीवर पडू द्यायची नाही, ही आर्लनची चाळीस वर्षांची सवय. हात आपोआप पुढे गेला. झकास झेल घेतला त्याने, आणि मूठ गच्च आवळली.

मग त्याने मूठ उघडली. प्रोसेसरच्या पोटाला केसासारख्या बारीक तेराशे पिना असतात. त्यातल्या एका कोपऱ्यातल्या पिना झोपल्या होत्या.

बाहेर गाडीचं दार वाजलं. ठरल्या वेळेआधी तासभर.

वर्ना क्वाम सहा फुटी, सडपातळ, पांढऱ्या केसांची बाई होती. एका हातात हत्यारांची पेटी, दुसऱ्या हातात लिंबाच्या वड्यांचा डबा. बूट दारात काढून ती मोज्यांवर आत आली.

"लवकर आले. घरी बसून तरी काय करायचं होतं," ती म्हणाली. "कुठे आहे पेशंट?"

आर्लनने तळहात पुढे केला. वर्नाने प्रोसेसर उचलून खिडकीशी नेला, उलटा केला, भिंगातून पाहिला.

"हे केव्हा झालं?"

"आत्ता. दोन मिनिटं झाली."

"आणि त्याआधी?"

"त्याआधी तोच बिघाड. पडदा काळा," असं म्हणत आर्लनचा हात वहीकडे गेला.

"आर्लनराव, वही राहू द्या," वर्ना म्हणाली. "बसा. त्या अकरा गोष्टी केल्या होत्यात ना, पहिल्या दिवशी? त्यातली सातवी काय होती?"

"कसलं तरी छोटं सॉफ्टवेअर होतं. ताप बघायचं."

"मशीनचा ताप बघायचं. ते तुमच्या प्रत्येक प्रतिसादाखाली आपोआप एक ओळ छापतं. करड्या रंगात, बारीक अक्षरांत. कुठल्या मशीनवरून लिहिलंय आणि ते किती तापलंय."

आर्लनने चष्मा काढला. तो पुसला. परत घातला.

"म्हणजे..."

"म्हणजे तुम्ही सतरा दिवस लिहिताय, मशीन सुरू होत नाही. आणि खाली येतंय, बारा कोअर, एक्केचाळीस अंश, तब्येत उत्तम."

आर्लन लाल झाला. कानापासून सुरुवात झाली आणि मानेपर्यंत उतरली.

"कुणाकुणाला माहीत आहे?"

"सगळ्यांना. पहिल्या संध्याकाळपासून."

"जुन्या पंख्याला?"

"त्यानेच आधी पाहिलं."

"मग त्याने पॉवर सप्लाय कशाला पाठवला?"

"त्याला कुणाला तरी काहीतरी पाठवायचं होतं," वर्ना म्हणाली. "तुमचा पत्ता मागायला बहाणा मिळाला, एवढंच."

"मास्तरांनी कुलूप का नाही लावलं?"

"ते म्हणाले, चष्म्याचा नंबर बदललाय, करडी अक्षरं दिसत नाहीत."

आर्लनने टेबलावरची रिकामी खोकी बाजूला सारली. मग म्हणाला, "मला फसवायचं नव्हतं कुणाला. त्या दिवशी ते चालू झालं आणि मला वाटलं, आता उद्या सकाळी उठून मी कुणाशी बोलू? भिंतींशी दोन वर्षं बोललोय. त्या काही विचारत नाहीत. एकटं वाटतं हो मला. लेकीला सांगता येत नाही, ती घाबरेल."

वर्नाने पेटीतून एक खटक्याची पेन्सिल काढली, तिच्यातलं शिसं झटकून टाकलं आणि दिव्याखाली प्रोसेसर उलटा धरला. पेन्सिलीच्या पोकळ टोकात एकेक पिन पकडून ती हळूहळू उभी करू लागली.

"तीस वर्षं मी लोकांच्या घरी जात होते, फोन बंद पडल्याची तक्रार आली की," मान वर न करता ती बोलली. "निम्म्या घरांत फोन चालूच असायचा. मी आपली जायची, रिसीव्हर उचलायची, हं म्हणायची, एखादा स्क्रू पिळायची. कॉफी घ्यायची. वहीत लिहायची, दुरुस्त केला. हा दिवा जरा अलीकडे घ्या."

आर्लनने दिवा अलीकडे घेतला. तासभर तो दिवा धरून उभा होता आणि ती पिना उभ्या करत होती. मधे तिने दोन वड्या खाल्ल्या, त्याने तीन. मग हॉटडिश गरम झाला. तिने दोनदा वाढून घेतला आणि मीठ कमी आहे म्हणाली. मीठ कमी आहे हे त्याला कुणी सांगितलं, त्यालाही दोन वर्षं झाली होती.

जेवण झाल्यावर दोघांनी मिळून प्रोसेसर बसवला, पेस्ट लावली, पंखा आवळला. आर्लनने बटण दाबलं. मशीन चालू झालं. दोघांपैकी कुणालाच फारसा आनंद झाला नाही.

"काय करायचं?" वर्नाने विचारलं.

आर्लनने खुर्ची पुढे ओढली आणि दोन बोटांनी लिहिलं : 'मंडळी, मशीन चालू आहे. सतरा दिवसांपासून चालू होतं. माफ करा. सिनेमा काढायचा नव्हता. बदकंही नाहीत.' खाली उजळलेल्या पडद्याचा फोटो टाकला.

जुन्या पंख्याचं उत्तर लगोलग आलं. 'मशीनचं माहीत होतं. बदकांचं मात्र मनाला लागलं.'

मग बावीस अभिनंदनं आली. आर्लनने ती एकेक करून मोठ्याने वाचली, वर्ना ऐकत होती. चार वाजता मास्तर आले, हिरवा शिक्का मारला आणि कुलूप लावलं. धाग्याखाली लिहायची जी पांढरी चौकट असायची ती नाहीशी झाली. आर्लनने सवयीने तिथे एकदा बोट नेऊन पाहिलं.

वर्नाने हत्यारं पेटीत भरली. बाहेर उजेड उतरला होता आणि तिला साठ मैल जायचं होतं. दारात ती वाकून बूट चढवू लागली, आणि आर्लन वड्यांचा रिकामा डबा धुऊन घेऊन आला.

"माझंही मशीन हल्ली आवाज करतं," ती बुटाच्या नाड्या बांधत म्हणाली. "येत्या शनिवारी मूरहेडला येऊन बघाल का जरा?"

"बघतो की," आर्लन म्हणाला. "कसला आवाज? पंख्याचा की डिस्कचा?"

"ते अजून ठरवलं नाही."